सिगारची पारख: आधी जळणं बघा

महागडी सिगार खरंच चांगली आहे की नुसता नावाचा रुबाब, हे तिचं रूप, चव आणि जळणं यांवरून कसं ठरवायचं, असं तुम्ही विचारलंय. तिन्हींत मी सर्वांत जास्त गुण जळण्याला देतो. रूप आणि चव यांत आपली आवडनिवड येतेच. पण सिगार वळणाऱ्याचा हात कसा होता आणि ती कशी साठवली होती, हे जळताना कळतं.

क्युबाची 'पार्टागास सेरी डी नंबर ४' घ्या. लांबी १२४ मिलिमीटर, रिंग गेज ५०, म्हणजे व्यास इंचाचे ५०/६४, साधारण २० मिलिमीटर. बाहेरचं पान किंचित तेलकट, शिरा बारीक असाव्यात. मग एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बोटांनी हलकेच दाबत जा. मऊ खड्डा लागला तर तिथे भरण कमी आहे, गाठ लागली तर झुरका अडणार. टाचणीएवढं गोल भोक दिसलं तर तो तंबाखूचा किडा. ती सिगार ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळी काढा. रंगावर जाऊ नका. कडकपणा, म्हणजे तंबाखूचा जोर, मुख्यतः आतल्या पानांतून येतो.

आता जळणं. आत मुख्यतः तीन प्रकारची पानं असतात. झाडाच्या शेंड्याकडचं 'लिहेरो' जाड, कडक आणि सावकाश जळणारं. मधलं 'सेको' सुगंधासाठी. खालचं 'वोलादो' चटकन पेट घेणारं. वळणारा लिहेरो बरोबर मध्यभागी बसवतो. तो एका अंगाला सरकला की ती बाजू मागे रेंगाळते आणि दुसरी पुढे पळते. म्हणून नजर जळत्या कडेवर ठेवा. थोडी नागमोडी कड आपोआप सावरते, ती मी धरत नाही. पुन्हा पुन्हा लाइटर लावून सरळ करावी लागली तर मात्र गुण कापतो. बाहेरचं पान तसंच राहून आतून बोगदा पडत गेला, तर दोष त्याहून मोठा. अर्थात दोष देण्याआधी पेटवताना सिगारचं तोंड सगळीकडून नीट लाल झालं होतं का आणि तुम्ही पंख्याखाली बसला होतात का, हे आठवा.

चवीसाठी मिनिटाला एखादा झुरका पुरे. भराभर ओढली तर उत्तम सिगारही तापून कडू होते. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवायचा, थोडा नाकातून सोडायचा. (तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका उरतोच.) या सिगारमध्ये मला मिरीचा झणका, ओल्या मातीचा वास, नंतर देवदार आणि कडक कॉफी लागते. मी बघतो ते एवढंच, की पहिला, मधला आणि शेवटचा भाग यांत चव बदलते का. अमोनियासारखा उग्र दर्प आला तर पान अजून मुरलेलं नाही. काही महिने ठेवून द्या.

आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात दुकानातून आणलेल्या सिगारवर लगेच मत बनवू नका. दमट हवेत पान फुगतं, फाटतं, सिगार सारखी विझते. घट्ट झाकणाच्या डब्यात ६५ टक्के आर्द्रता राखणारी पुडी घालून दोन-तीन आठवडे ठेवा, मग पेटवा. माल हाताने वळलेला असतो, त्यामुळे एकाच खोक्यातल्या निदान तीन ओढल्याशिवाय मी तरी त्या सिगारला चांगली किंवा वाईट म्हणत नाही.