हजेरीपुस्तकात उत्साहाचा रकाना नसतो

सातारा,
रविवार, रात्र

चि. बाळा,

आज सकाळी चार भिंतीजवळच्या कठड्यावर बसलास तो उठलाच नाहीस. "काका, तुम्ही व्हा पुढं. माझ्यात आता ती आगच राहिली नाही," म्हणालास. मी पुढं गेलो. अजिंक्यतारा गडावर मंगळाई देवीचं दर्शन घेऊन उतरेपर्यंत तू गेला होतास, कठड्यावर तुझी पाण्याची बाटली तेवढी राहिली होती. ती माझ्याकडं आहे. तिथंच चार शब्द सुनवायला हवे होते, पण चढाला मला बोलायला दम पुरत नाही. म्हणून हे पत्र.

व्यायाम चांगला आणि वडापाव वाईट, हे सांगून तुझा वेळ घेत नाही. तुझ्या मनगटावरचं ते घड्याळ पावलं मोजतं, झोप मोजतं, ठोके मोजतं. तुला सगळं माहीत आहे. मला बोलायचंय ते त्या आगीबद्दल.

अठ्ठावीस वर्षं मी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. गळीत सुरू झालं की पाळ्या चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार. पहाटे चारच्या पाळीला कानटोपी घातलेली माणसं खिडकीशी यायची. मोठ्या हजेरीपुस्तकात प्रत्येकाच्या नावापुढं मला दोनच गोष्टी लिहिता यायच्या, आला किंवा नाही आला. बॉयलरवरचा माणूस गाणं म्हणत आला की बायकोशी भांडून आला, याला रकाना नव्हता. पोती दोन्ही दिवशी भरायचीच. तू मला विचारतोस, उत्साह कुठून आणू? अरे, आणायचाच कशाला? हजेरी लाव.

आता तुझ्या ९१ किलोंबद्दल. पहिल्या तीन आठवड्यांत पाच किलो उतरलं तेव्हा गल्लीभर सांगत सुटला होतास. तेव्हा मी गप्प बसलो, ती माझी चूक. त्यातलं बरंचसं पाणी होतं. शरीर साखरेचा थोडा साठा यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी केलं की आधी तो साठा रिकामा होतो, पाणी निघून जातं आणि काटा खूश करतो. चरबी अशी पळत नसते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. तू गड चढून-उतरून जे जाळतोस त्यात पावासकट एक मिसळसुद्धा धड जिरत नाही. मग सांग, ती किलो किती दिवसांची झाली? शिवाय वजन उतरलं की शरीराला लागणारं इंधनही कमी होतं, म्हणजे ९६ किलोला जे जेवण कमी पडत होतं तेच ९१ ला बरोबर पुरतं. काटा तिथंच उभा राहतो. यात तुझा आळस नाही आणि नशीबही नाही. भाकरी तीच ठेव, वरचं तेल मोज. मोठ्या चमचाभर तेलात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि तुझी आई फोडणी चमच्याने घालत नाही, बुधलीने घालते, हे मी तिच्या हातची आमटी खाऊन सांगतो. तिला म्हणू नकोस.

आणि रोज सकाळी काट्यावर उभं राहणं बंद कर. रात्री लोणचं-पापड झालं की सकाळी किलोभर जास्त दिसतं, ते पाणी. तू त्यावर दिवसभराचा मूड ठरवतोस. काटा हा निकाल सांगतो, आणि निकाल लावणं तुझ्या हातात नाही. तुझ्या हातात हजेरी आहे.

मी हे पुस्तकातून बोलत नाही. मी एकेचाळीस वर्षांचा असताना ९४ किलोचा होतो. रक्तदाब निघाला, डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि मी पेटलो. होय, तुझी ती आग, ती माझ्यात भरपूर होती. ताक, काकडी आणि रात्री उपास. चार महिन्यांत १३ किलो उतरवलं. एसटी स्टँडवर तेव्हा वजनाचं मशीन होतं. नाणं टाकलं की लाल-पिवळे दिवे फिरायचे आणि पुठ्ठ्याचं तिकीट खट्कन पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. ८१ चं तिकीट मी शर्टाच्या खिशात घालून हिंडत होतो. त्याच्यामागं छापलं होतं, 'आपली इच्छा लवकरच पूर्ण होईल.' कॅन्टीनमध्ये मित्रांनी हार घातला आणि पाव किलो कंदी पेढे आणले, तेही मी मोठ्या रुबाबात नाकारले.

मग पोटरी दुखावली. तीन आठवडे घरी. आग विझली आणि तिच्याखाली काहीच नव्हतं. सवय नव्हती, वेळ ठरलेली नव्हती, नुसता जोश होता. दीड वर्षात ९७. वर उपाशी राहून चरबीबरोबर स्नायूही गेलेले, त्यामुळं जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप लागायची. ते तिकीट पाकिटात पार भुगा होईपर्यंत होतं. फेकवत नव्हतं आणि बघवतही नव्हतं.

दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा मी स्वतःचं हजेरीपुस्तक काढलं. कालनिर्णयाच्या पानावर तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीची एक रेघ. गेलो तर रेघ, नाही गेलो तर कोरं. किती चढलो, किती घाम आला, काही लिहायचं नाही. पावसात खिंडीपर्यंतच गेलो तरी रेघ. ताप होता त्या दिवशी अंगणात दहा मिनिटं फेऱ्या मारल्या, त्याचीही रेघ ओढली. लबाडी म्हण हवं तर. मी म्हणतो, पाळीवर माणूस आला ना, मग संपलं. ८० वर यायला मला तीन वर्षं लागली, पण त्यानंतर मी परत वर गेलेलो नाही.

तुझ्या स्टेटसला खाशाबा जाधवांचा फोटो असतो. गोळेश्वर आपल्या कराडजवळचं, अभिमान हवाच. पण तू हेलसिंकीचं १९५२ चं कांस्यपदक लावून बसतोस. १९४८ ला ते लंडनला गेले होते आणि सहावे आले होते, हे तुझ्या स्टेटसला कधी दिसलं नाही. मधल्या चार वर्षांत रोज जोर-बैठका मारताना त्यांना दररोज हुरूप आला असेल असं तुला वाटतं? मला नाही वाटत. तालमीतल्या मातीला कोणाचा मूड कळत नाही.

आता तू मनात म्हणत असशील, काकांनी हट्टापायी काय काय केलं ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. माहीत असू दे. माझ्या लेकीच्या साखरपुड्याच्या सकाळीही मी गडावर गेलो होतो. वीस मिनिटं उशीर झाला. व्याही दारात उभे आणि मी घामेजलेल्या बनियनवर मागच्या दारानं आत. अजून लग्नाकार्यात हा किस्सा निघतो आणि सगळे हसतात. वीस मिनिटांत काय बिघडलं? मुहूर्त टळला का? पाव्हण्यांचा चहासुद्धा झाला नव्हता. त्या दिवशी एकदा सूट दिली असती तर दुसऱ्या दिवशी पाव्हणे होतेच, तिसऱ्या दिवशी दमणूक. मला माझा स्वभाव माहीत आहे.

एक गोष्ट मात्र मला सावरून घेता येत नाही. सुरुवातीला तुझी काकू माझ्याबरोबर यायची. हळू चालायची, दर वळणाला थांबायची, खाली शहराकडं बघायची, राजवाडा कुठं, आपलं घर कुठं. मला माझी वेळ मोडते म्हणून राग यायचा. एक दिवस म्हणालो, "तू तुझ्या चालीनं ये, मी होतो पुढं." ती दोन दिवस एकटी आली, तिसऱ्या दिवशी आली नाही. मीही विचारलं नाही. आता तिला साखर आहे आणि गुडघे चढू देत नाहीत. परवा म्हटलं, गाडीनं वरपर्यंत जाऊ. म्हणाली, "आता कशाला?" माझ्या पंचांगात तिच्या नावाचा रकाना मी कधी आखलाच नाही.

आज सकाळी तुला कठड्यावर सोडून वर गेलो आणि उतरताना हे आठवलं. पण तुझ्यासाठी थांबलो असतो तर तू आणखी अर्धा तास रडगाणं गायला असतास, हेही खरंच. बघ, मी असा आहे.

त्या यवतेश्वर घाटातल्या हिल मॅरेथॉनचा फॉर्म भरलायस, २१ किलोमीटरचा. ती २०१२ ला सुरू झाली तेव्हापासून मी रस्त्याच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवतो, एकदाही पळालो नाही. तू पळ किंवा पळू नकोस, मला फरक पडत नाही. पण "आता मॅरेथॉनपर्यंत तरी" असली भाषा बोलू नकोस. मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी सोमवार असतो. त्या सोमवारचं काय?

सुतळीचा एक तुकडा घे, बेंबीशी पोटाभोवती गुंडाळ, जिथं भेटेल तिथं गाठ मार. महिन्यानं परत गुंडाळून बघ. काटा अडलेला असतानासुद्धा गाठ सरकते, माझी सरकली होती. आपल्याकडच्या पुरुषांनी पोट ९० सेंटीमीटरच्या आत ठेवावं म्हणतात, तुला अजून पुष्कळ सुतळी सोडवायची आहे. घाई करू नकोस. आठवड्यातून दोनदा थोडे जोर-बैठका घाल, भिंतीला हात लावून घातलेस तरी चालतील, म्हणजे माझ्यासारखा स्नायू घालवून बसणार नाहीस.

उद्या पाच वाजून दहा मिनिटांनी मी तुमच्या फाटकाशी असेन. बेल वाजवणार नाही, तुझ्या वडिलांची झोप मोडते. पाच मिनिटं थांबेन. आलास की निघू आणि तू म्हणशील त्या वळणाला थांबू. खिंडीपर्यंतच जायचं म्हणालास तर खिंडीपर्यंत.

तुझा,
काका

ता. क. तुमचा वजनकाटा उद्या पिशवीत घालून आण. महिनाभर आमच्या माळ्यावर राहू दे. आईनं विचारलं तर सांग, काकांचा बिघडलाय.