सिम्कोचं चरित्र लिहू पाहणाऱ्या तरुणास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा आराखडा वाचला. जॉन ग्रेव्ह्ज सिम्को या ब्रिटिश फौजी अधिकाऱ्याच्या आयुष्याचे तू तीन भाग केले आहेस: आधी सेनानी, मग प्रशासक, शेवटी लेखक. पहिली दुरुस्ती इथेच कर. क्वीन्स रेंजर्स या पलटणीच्या मोहिमांवरचं त्याचं पुस्तक १७८७ साली एक्सेटरला खासगी वितरणासाठी छापलं गेलं. अप्पर कॅनडाचा, म्हणजे आजच्या ऑन्टारियोच्या दक्षिण भागाचा, लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून तो क्वेबेकला उतरला नोव्हेंबर १७९१ मध्ये. म्हणजे लेखणी कारभाराच्या आधीची. आणि कारभार सुरू झाल्यावरही त्याच्यातला फौजी कधी निवृत्त झाला नाही. वेगळी दालनं केलीस तर नेमकं हेच वाचकाच्या हातून निसटेल.

त्या पुस्तकावर फार काळजीपूर्वक उभा राहा. सिम्को स्वतःबद्दल तृतीयपुरुषी लिहितो, त्यामुळे कुणी त्रयस्थ माणूस सांगतोय असं वाटू लागतं. प्रत्यक्षात ती कैफियत आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध ब्रिटिश हरलेले, पलटण मोडलेली, वय पस्तीस, आणि पुढची नेमणूक हवी. अशा वेळी माणूस काय ठळक करील आणि काय दोन ओळींत गुंडाळील, ते ओळखत वाच. प्रत्येक चकमकीसाठी चार रकान्यांचा तक्ता कर: तारीख, माणसं किती, सिम्को काय म्हणतो, समोरचा पक्ष काय म्हणतो. तिसरा आणि चौथा रकाना जुळत नसतील तर सरासरी काढू नकोस, दोन्ही आकडे दे. २६ जून १७८१ च्या स्पेन्सर्स ऑर्डिनरीच्या लढाईत तर दोन्ही बाजूंनी विजय सांगितला आहे.

पुस्तक सुरू होतं १७७७ च्या अखेरीस, म्हणून त्याआधीचं इतरत्र शोधावं लागेल. बाप आरमारातला कप्तान, १७५९ मध्ये क्वेबेकच्या मोहिमेवर पेम्ब्रोक जहाजावर वारला. त्याच जहाजावर पुढे जगप्रसिद्ध झालेला जेम्स कुक अधिकारी होता. मग ईटन, ऑक्सफर्ड, फौज. ११ सप्टेंबर १७७७ ला ब्रँडीवाइनच्या लढाईत सिम्को जखमी झाला आणि १५ ऑक्टोबरला रेंजर्सचा प्रमुख झाला. एवढं एका पानात आटप.

पलटणीवर मात्र रेंगाळ. राजनिष्ठ अमेरिकनांची ही तुकडी त्याने कशी घडवली याचे बारकावे पुस्तकाचा खरा ऐवज आहेत. कवायतीच्या दिखाऊ हालचाली कमी आणि संगिनीवर भर. पायदळासोबत थोडे घोडेस्वार, स्कॉटिश डोंगराळ्यांची एक वेगळी कंपनी. गणवेश हिरवा. त्याचं कारण तो स्वतः देतो: वसंतात अंगावर चढवलेला हिरवा रंग शरदापर्यंत झाडांच्या पानांबरोबरच फिका पडतो, आणि माणूस लांबून दिसत नाही. इथे मराठी लेखकाला गनिमी काव्याची आठवण हटकून होते. तुलना कर, पण फरक सांगून. रेंजर्स मुख्य फौजेच्या पुढे आणि बगलेला राहून चौक्या राखत, दाणावैरण आणत, छापे घालत. मुख्य फौज नसेल तर त्यांना आधार नव्हता.

जून १७८१ मध्ये व्हर्जिनियात पॉइंट ऑफ फोर्कला त्याने काय केलं ते नकाशा समोर ठेवून लिही. दोन नद्यांचा संगम, पलीकडच्या काठावर अमेरिकनांचा सेनानी बॅरन फॉन स्टॉयबेन आणि त्याचा साठा. सिम्कोपाशी मोजकी माणसं. त्याने रात्री भरपूर शेकोट्या पेटवून ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसची सगळी सेना आल्याचा भास निर्माण केला. स्टॉयबेन साठ्यातला मोठा भाग टाकून निघून गेला. शेजारच्याच पानावर हॅन्कॉक्स ब्रिज ठेव: मार्च १७७८, न्यू जर्सी, पहाटेची वेळ, घरात झोपलेल्यांवर संगिनी. मेलेल्यांत घरमालक हॅन्कॉकही होता, तो तर राजाच्याच बाजूचा. सिम्को हे कबूल करतो, युद्धाचं दुर्दैव म्हणतो आणि पुढे सरकतो. तू सरकू नकोस.

१७९५ मध्ये त्याच्याकडे पाहुणचार घेतलेल्या ला रोशफूको-लियांकूर या फ्रेंच सरदाराने त्याच्या सरळपणाचं कौतुक केलं आहे, पण युद्धात जाळलेल्या घरांची तो बढाई मारतो असंही नोंदवलं आहे. हा साक्षीदार सोडू नकोस. टीव्हीवरचा खलनायक सिम्को मात्र बाजूला ठेव, खरा सिम्को कविता करणारा होता.

आता कारभार. १७ सप्टेंबर १७९२ ला नायगाराकाठच्या न्यूआर्क गावात अप्पर कॅनडाची पहिली विधिमंडळ बैठक भरली. निवडून आलेले सदस्य फक्त १६. पहिल्या कायद्यांत मालमत्ता आणि नागरी हक्कांसाठी इंग्रजी कायदा, ज्यूरी, आणि चक्कीवाल्याने दळणावळ म्हणून बाराव्या हिश्शाहून जास्त धान्य घेऊ नये हा नियम. हा बारावा हिस्सा अवश्य लिही. वसाहत कशावर जगत होती ते त्यातून कळतं. जमीन साधारणपणे २०० एकरांच्या तुकड्यांनी दिली जाई. पण ती मोकळी पडली होती असं वाक्य लिहिलंस तर मी कापीन. तिथल्या मूळनिवासी मिसिसॉगा लोकांशी झालेले व्यवहार आणि ग्रँड नदीकाठच्या जमिनीवरून मोहॉक पुढारी जोसेफ ब्रँटशी झालेला वाद याच कारभाराचा भाग आहेत.

फौजी डोकं सगळ्यात उघड दिसतं ते जागा निवडताना. न्यूआर्कसमोर नदीपलीकडेच नायगाराचा किल्ला. तो अमेरिकेकडे जाणार हे दिसत होतं, आणि १७९६ मध्ये तो गेलाच. सिम्कोला राजधानी हवी होती आत, थेम्स नदीवरच्या लंडनला; ही दोन्ही नावं कॅनडातली, इंग्लंडमधली नव्हेत. वरिष्ठ लॉर्ड डॉर्चेस्टरशी त्याचं पटलं नाही. मधला मुक्काम म्हणून १७९३ मध्ये यॉर्क वसलं, दहा चौकोनी भागांचं, आजचं टोरोंटो. रस्तेही लष्करी हिशेबाने आखले. यॉर्कहून उत्तरेला जाणाऱ्या यंग स्ट्रीटचं मुख्य काम सर्वेक्षक ऑगस्टस जोन्सने, त्याच नावाने पुन्हा उभारलेल्या पलटणीतले ३० रेंजर्स घेऊन, १७९६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत उरकलं, सुमारे ३४ मैल. ‘जगातला सर्वांत लांब रस्ता’ ही बिरुदावली उचलू नकोस. ती पुढचा महामार्ग त्यात धरल्यामुळे चिकटली होती.

या काळातली पत्रं वाचताना प्रत्येकावर दोन तारखा टाक, लिहिल्याची आणि पोचल्याची. हिवाळ्यात सेंट लॉरेन्स नदी गोठे, टपाल अडे. एकच तारीख धरलीस तर लंडनच्या सरकारने ज्याचं उत्तर दिलं ते पत्र तिथे पोचलंच नव्हतं, असा घोळ होतो. पत्नी एलिझाबेथची रोजनिशी आणि तिची जलरंगचित्रं इथे उपयोगी पडतील. हवा, आजार, तंबूतला संसार तिथेच सापडतो.

सगळ्यात जास्त चुका होतात गुलामगिरीच्या कायद्यावर. ‘सिम्कोने गुलामगिरी संपवली’ हे खोटं आहे. मार्च १७९३ मध्ये क्लोई कूली या गुलाम स्त्रीला तिच्या मालकाने, व्रूमनने, बांधून नावेतून नदीपार विकायला नेलं. पीटर मार्टिन या कृष्णवर्णीय माजी सैनिकाने ते कार्यकारी मंडळापुढे सांगितलं. सिम्कोला बंदी हवी होती. पण सभागृहातल्या कित्येकांच्या घरी गुलाम होते. ९ जुलै १७९३ ला मंजूर झाला तो समझोता. नवे गुलाम आणायचे नाहीत. असलेले तसेच राहणार. यापुढे जन्मलेली मुलं २५ व्या वर्षी मुक्त. म्हणजे त्या दिवशी एकही गुलाम सुटला नाही. पूर्ण अंत झाला १८३४ मध्ये, साम्राज्यभरच्या कायद्याने. आणि हेही लिही की १७९७ मध्ये हाच सिम्को सेंट-डोमिंगला, म्हणजे आजच्या हैतीला, ब्रिटिश फौजेचा प्रमुख म्हणून गेला. तिथे ब्रिटिशांच्या ताब्यातल्या मुलखात गुलामगिरी चालू होती आणि समोर होता पूर्वी स्वतः गुलाम असलेला सेनानी तूसाँ लूव्हेर्त्यूर. हे दोन प्रसंग वेगवेगळ्या प्रकरणांत टाकून लपवू नकोस.

आपल्याकडचा धागा खरा आहे, पण ताणू नकोस. १८०६ मध्ये हिंदुस्थानचा सरसेनापती म्हणून लॉर्ड लेकच्या जागी त्याची नेमणूक झाली. हा लेक म्हणजे मराठ्यांविरुद्धच्या दिल्ली आणि लासवारीच्या लढायांचा. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये सिम्को, लेक आणि कॉर्नवॉलिस तिघंही एकाच शरण आलेल्या सैन्यात होते. हिंदुस्थानला निघण्याआधी सिम्कोला पोर्तुगालला पाठवलं, वाटेत तो आजारी पडला आणि परत येऊन २६ ऑक्टोबर १८०६ ला एक्सेटरला वारला. इथे तो आलाच नाही. तेव्हा ‘आला असता तर होळकरांचं काय झालं असतं’ असले तर्क नकोत.

आधी पॉइंट ऑफ फोर्कचं प्रकरण लिहून पाठव, दोन हजार शब्दांपर्यंत, चार रकान्यांच्या तक्त्यासकट. नद्यांची नावं नकाशावरून तपासून घे; जेम्सच्या वरच्या भागाला तेव्हा फ्लुव्हाना म्हणत, आणि तिथे मिळते ती रिव्हाना.

तुझा हितचिंतक