किरमिजी बूट, चोरपावलं आणि शण

प्रश्न असा आहे: "शाळेत पीटीला घालायचो ते पांढरे कॅनव्हासचे बूट म्हणजेच स्नीकर ना? मग दुकानात 'लेदर स्नीकर' कसे काय मिळतात? आणि कॅनव्हासच्या बुटांना 'किरमिजी बूट' म्हटलेलं चालेल का?"

शेवटचं आधी घेतो, कारण त्यानेच माझं डोकं उठलंय. नाही चालणार. हिंदीत कॅनव्हासला किरमिच म्हणतात, 'किरमिच के जूते'. कुणा घाईतल्या भाषांतरकाराने ते उचललं आणि मराठीत 'किरमिजी' करून टाकलं. मराठीत किरमिजी हा रंग आहे हो! किरमिजाच्या किड्यापासून निघणारा गडद तांबडा. या शब्दाचं आपल्या 'कृमी'शी नातं आहे, आणि इंग्रजीतला 'क्रिम्झन'ही त्याच गोतावळ्यातला. परवा एका अनुवादित गोष्टीत मुलाच्या पायात 'पांढरेशुभ्र किरमिजी बूट' दिसले. वाचणाऱ्याने डोळ्यांपुढे नेमकं काय आणायचं?

आता स्नीकर. हा शब्द कापडावरून आलेलाच नाही, तळव्यावरून आला आहे. 'स्नीक' म्हणजे चोरपावलांनी जाणं. रबरी तळव्याचा आवाज होत नाही, एवढीच गोष्ट. इंग्लंडमधल्या स्त्रियांच्या तुरुंगावरच्या 1862 सालच्या एका पुस्तकात रात्रपाळीच्या पहारेकरणीचे रबरी जोडे येतात, आणि कैदी बायका त्यांना 'स्नीक्स' म्हणतात. पुढे 1887मध्ये बॉस्टनच्या एका शिक्षणविषयक पत्रात नोंद आहे की पोरं टेनिसच्या बुटांना 'स्नीकर' म्हणतात, आणि हे नाव किती चपखल आहे ते गांजलेल्या मास्तरांनाच कळेल. तरीही जिकडेतिकडे ठोकून देतात की हा शब्द 1917च्या सुमारास अमेरिकेतल्या एका जाहिरातवाल्याने 'केड्स' बूट खपवण्यासाठी घडवला. तीस वर्षं आधी छापलेला शब्द त्याने कसा घडवला, ते त्यांनाच ठाऊक. जाहिरातवाल्यांना बारशाला बोलावलं की ते बाळाचे बाप म्हणूनच मिरवतात. तर लेदर स्नीकर बिनदिक्कत म्हणा, तळवा रबरी असला की झालं.

ब्रिटनमध्ये याच बुटांना 'प्लिमसोल' म्हणत. सॅम्युएल प्लिमसोल हे तिथले खासदार. गलबतात वाजवीपेक्षा जास्त माल भरून खलाशांना बुडवणाऱ्या मालकांशी ते भांडले. 1876च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाररेषा, म्हणजे माल भरल्यावर पाणी जिच्या वर चढता कामा नये ती रेषा, आखणं सक्तीचं झालं. बुटाच्या कडेने फिरणारी रबराची पट्टी त्या रेषेसारखी दिसते, म्हणून हे नाव. पाणी पट्टीच्या वर गेलं की पाय भिजलाच!

आणि मग कॉन्व्हर्स. मॅसेच्युसेट्सच्या माल्डनमध्ये 1908 साली मार्क्विस मिल्स कॉन्व्हर्स यांनी कंपनी काढली, 1917मध्ये बास्केटबॉलसाठी कॅनव्हासचा 'ऑल स्टार' बूट आला. पुढे चक टेलर हा खेळाडू विक्रेता झाला, गावोगाव फिरून बूट खपवत राहिला, आणि त्याची सही घोट्यावरच्या गोल चकतीवर चढली. मैदानावरून ते बूट कधीच गेले. पायातून मात्र गेले नाहीत. माझ्या मते श्रेय कापडाचं. चामडं जुनं झालं की केविलवाणं दिसतं, कॅनव्हास जुनं झालं की आपलं दिसतं. धुता येतं, त्यावर पेनने लिहिता येतं. आमच्या पांढऱ्या बुटांना तर शुक्रवारी रात्री ओल्यावरच खडू घासायचा. शनिवारी कवायतीत 'एक साथ सावधान' झालं की वर्गभराच्या पायांतून पांढरा धुरळा उठायचा.

पण खरी गंमत 'कॅनव्हास' या शब्दातच आहे, आणि ती कोणी विचारत नाही. मूळ लॅटिन कॅनाबिस, म्हणजे भांगेचं झाड. भांगेच्या वाखाचं जाडंभरडं कापड ते कॅनव्हास. जहाजांची शिडं त्याचीच असत. आजचं कॅनव्हास बहुधा सुती, तरी नाव भांगेचंच. आपल्या अंबाडीचं शास्त्रीय नाव बघा: हिबिस्कस कॅनाबिनस. पान भांगेसारखं म्हणून. भाकरीबरोबर अंबाडीची भाजी खाताना हे आठवा.

आता माझं लाडकं मत. लॅटिन 'केंतुम' म्हणजे शंभर, इंग्रजीत 'हंड्रेड', संस्कृतात 'शत'. तिकडचा क, इंग्रजीत ह, आपल्याकडे श. मग कॅनाबिस, त्याचंच इंग्रजी 'हेम्प', आणि आपल्याकडे? शण! अथर्ववेदात येतो तो शण. मनुस्मृतीने राजाच्या जानव्याला ज्याचं सूत सांगितलं तोच. व्युत्पत्तिकार मंडळी नाकं मुरडतात: 'बिस' कुठे गेलं, शण म्हणजे बहुतेकदा ताग (गोणपाटाचा ज्यूट नव्हे, हिरवळीच्या खताला पेरतात तो), शब्द उसना असेल तर ध्वनिनियम लावता येत नाही, वगैरे. अहो, वाख काढायच्या झाडांची नावं लोक सर्रास एकमेकांना देतात, अंबाडीचं आत्ताच पाहिलं की! आणि शेपूट झडलेले शब्द काय कमी आहेत? त्यावर कडी म्हणजे इंग्रजीत तागाला 'सन हेम्प' म्हणतात. हा 'सन' सूर्य नव्हे, हिंदीतला 'सन', म्हणजे शणच. माझं मत खरं धरलं तर साहेब 'शण-शण' असं दोनदा म्हणतोय, आणि आपले कृषिपत्रकवाले त्यात ऊन शोधतात.

असो. मराठी शब्दच हवा असेल तर 'कॅनव्हासचे बूट' म्हणा, तो मराठीच झाला आहे. 'किंतानी बूट' असं मी सुचवलं असतं, पण घरात सुचवून पाहिलं तेव्हा नातीने विचारलं, "आजोबा, गोणपाटाचे?" आणि कृपा करून 'माझा एक शूज हरवला' म्हणू नका. हरवतो तो बूट.