नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?

वडिलांच्या फ्लॅटला तुझं नॉमिनेशन आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. नॉमिनी हा मालक नसतो, वारसांसाठी सांभाळणारा असतो. शेअर्सबाबत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. महाराष्ट्रात सोसायटीही वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करते. तेव्हा बाबांना मृत्युपत्र करायला सांग, आणि ते धडधाकट असतानाच.

स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तरी मी नोंदणी करायलाच सांगेन, कारण पुढे सहीवरून वाद होतात.

खरी गोम साक्षीदारांत आहे. दोघे हवेत, बाबांची सही डोळ्यांनी पाहिलेले. ज्यांना काही मिळणार आहे ते नकोतच. बाबांच्या वयाचे मित्रही टाळ: प्रोबेटला, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याला, हरकत आली, तर एका साक्षीदाराला तरी कोर्टात बोलवावं लागतं, आणि तोवर दोघेही हयात नसले तर हस्ताक्षर सिद्ध करत बसायची वेळ येते. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना विचार, बरेच जण तयार होतात.

व्यवस्थापकाचं, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करून देणाऱ्याचं, नाव घालायला विसरू नका. गावच्या वडिलोपार्जित जमिनीत बाबा फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतात, आत्याचा नाही. आणि ताईला आत्ताच सगळं सांगा.