जुना मॉनिटर, नवं ग्राफिक्स कार्ड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या १९ इंची मॉनिटरला (१४४० × ९००) मागे फक्त निळं व्हीजीए पोर्ट आहे. नव्या आरटीएक्स ३०६० कार्डाला तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय आहे. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला व्हीजीए अशी साधी केबल आणून लावली, पण पडद्यावर फक्त ‘नो सिग्नल’ येतं. केबल खराब निघाली का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : केबल खराब नसावी, पण ती या कामाची नाही. १९८७ साली आयबीएमच्या पीएस/२ यंत्रांबरोबर आलेलं व्हीजीए हे ॲनालॉग आहे. लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांसाठी स्वतंत्र तार असते आणि ० ते ०.७ व्होल्टच्या चढउतारातून चित्र उमटतं. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट पूर्णपणे डिजिटल आहेत. नुसत्या तारा जोडून एकाचं दुसरं होत नाही. मधे रूपांतर करणारी चिप लागतेच. पूर्वी हे काम ग्राफिक्स कार्डच करायचं. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांपैकी एएमडीने २०१३ च्या आर९ २९० कार्डात ही सोय काढली, तर एनव्हिडियाने (तुमचं आरटीएक्स कार्ड याच कंपनीचं) २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेत. त्यामुळे आता ती चिप ॲडॅप्टरमध्ये असायला हवी. अशा ॲडॅप्टरला ‘ॲक्टिव्ह’ म्हणतात.

विकत घेताना दिशा नीट पाहा. ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ आणि ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि उलटी लावून चालत नाही. दुसरा मुद्दा विजेचा. एचडीएमआयच्या ५ व्होल्टच्या पिनेवर ५५ मिलिॲम्पिअर एवढ्याच विजेची हमी असते. पुष्कळ कार्डं त्याहून जास्त देतात, पण काही ठिकाणी चित्र येतं आणि मधेच जातं, ते याच कारणाने. म्हणून मायक्रो यूएसबीने वेगळी वीज देता येईल असा ॲडॅप्टर घ्यावा. डिस्प्लेपोर्टच्या पिनेवर ३.३ व्होल्टला ५०० मिलिॲम्पिअर मिळतात, म्हणून तुमच्या कार्डासाठी आम्ही डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए ॲक्टिव्ह ॲडॅप्टरच सुचवू. एचडीएमआय टीव्हीसाठी मोकळं राहील, हा वरचा फायदा.

जोडताना कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्ही बंद ठेवा. ॲडॅप्टर कार्डाला लावा, मग व्हीजीए केबल लावून तिचे दोन्ही स्क्रू हाताने आवळा. केबल कार्डाच्याच पोर्टात आहे ना, हे खात्रीने पाहा. कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला मदरबोर्डचीही पोर्टं असतात आणि घाईत केबल तिथेच जाते. शेवटी मॉनिटरच्या बटणाने इनपुट ‘व्हीजीए’ किंवा ‘ॲनालॉग’ निवडा.

प्रश्न : ॲडॅप्टर लावल्यावर चित्र आलं, पण अक्षरं फुटल्यासारखी दिसतात, काळा रंग राखाडी वाटतो आणि यादीत मॉनिटरचं खरं रिझोल्यूशनच नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ही तीन वेगळी दुखणी आहेत.

रिझोल्यूशनपासून सुरुवात करा. मॉनिटर स्वतःची माहिती व्हीजीए केबलच्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून पाठवतो. स्वस्त केबलमध्ये या तारा कधीकधी नसतातच. मग विंडोजला मॉनिटर ओळखता येत नाही, ‘जेनेरिक नॉन-पीएनपी’ असं नाव दिसतं आणि १०२४ × ७६८ सारखे ठरावीक पर्याय मिळतात. आधी केबल बदलून पाहा. तरी उपयोग झाला नाही तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘चेंज रिझोल्यूशन’मधून ‘कस्टमाइझ’ निवडा आणि खरं माप ६० हर्ट्झला टाका. मॉनिटर १३६६ × ७६८ चा असेल तर यादीत १३६० × ७६८ दिसणं स्वाभाविक आहे. ठरावीक मापांची रुंदी ८ च्या पटीत धरतात आणि १३६६ ला ८ ने भाग जात नाही.

अक्षरांचा फुटकेपणा खरं रिझोल्यूशन मिळाल्यावर बराच जातो. उरलेल्यासाठी पडदा भरेल असं बारीक मजकुराचं पान उघडा आणि मॉनिटरवरचं ‘ऑटो ॲडजस्ट’ दाबा. कोऱ्या डेस्कटॉपवर दाबलं तर मॉनिटरला चित्राच्या कडा सापडत नाहीत आणि हिशेब चुकतो. तरीही अक्षरं थरथरत असतील तर मॉनिटरच्या मेनूतलं ‘फेज’ (सिग्नल नेमका कोणत्या क्षणी वाचायचा ते ठरवणारं सेटिंग) एकेका अंकाने हलवून पाहा.

काळा रंग राखाडी दिसतो तो मुख्यतः एचडीएमआयवरच्या ॲडॅप्टरमुळे. कार्ड समोरच्याला टीव्ही समजतं आणि रंगांच्या पातळ्या ० (पूर्ण काळा) ते २५५ (पूर्ण पांढरा) ऐवजी १६ ते २३५ मध्ये पाठवतं. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ ‘फुल’ करा. संरक्षित चित्रपट मात्र व्हीजीएवर काळे किंवा कमी दर्जाचे दिसू शकतात. व्हीजीएला कॉपी-संरक्षण नसल्याने असं होतं, त्यावर सेटिंगचा उपाय नाही.

प्रश्न : माझ्या मॉनिटरला व्हीजीएबरोबर पांढरं डीव्हीआय पोर्टही आहे. कोणतं वापरू?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : डीव्हीआय, यात विचार करण्यासारखं काही नाही. डीव्हीआय आणि एचडीएमआय यांचे चित्राचे सिग्नल एकच आहेत. त्यामुळे चिप नसलेली साधी एचडीएमआय ते डीव्हीआय केबल चालते, ‘ऑटो ॲडजस्ट’ची कटकट राहत नाही आणि १९२० × १२०० पर्यंत ६० हर्ट्झचं स्वच्छ चित्र मिळतं. आवाज मात्र वेगळ्या स्पीकरवरून घ्यावा लागेल. डिस्प्लेपोर्टवरूनही साधा ‘पॅसिव्ह’ म्हणजे रूपांतराची चिप नसलेला ॲडॅप्टर चालतो, कार्डाचं पोर्ट ‘डीपी प्लस प्लस’ म्हणजे एचडीएमआय-डीव्हीआयचे सिग्नलही देणारं असलं की झालं. हल्लीच्या बहुतेक कार्डांचं तसंच असतं.

प्रश्न : ३० इंची, २५६० × १६०० चा जुना मॉनिटर एचडीएमआय ते डीव्हीआय केबलने जोडला. १२८० × ८०० च्या वर जातच नाही. केबलच्या प्लगला तर सगळ्या २४ पिना आहेत.
— एक वाचक, पुणे

उत्तर : प्लगच्या पिना फसव्या आहेत. तुमचा मॉनिटर ‘ड्युअल लिंक’ डीव्हीआय मागतो, म्हणजे डेटाच्या सहा जोड्या. एचडीएमआयच्या प्लगमध्ये तीनच जोड्या असतात, त्यामुळे पलीकडच्या जादा पिना रिकाम्या राहतात. तीन जोड्यांच्या ‘सिंगल लिंक’ची चित्रबिंदू पाठवण्याच्या वेगाची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ. २५६० × १६०० ला ६० हर्ट्झवर सुमारे २६८ मेगाहर्ट्झ लागतात. अशा वेळी बरेच ३० इंची मॉनिटर बरोबर अर्ध्या मापावर येतात, तेच तुम्हाला दिसतंय.

उपाय एकच : डिस्प्लेपोर्ट ते ड्युअल लिंक डीव्हीआय ॲक्टिव्ह ॲडॅप्टर. याला यूएसबीचं वेगळं टोक असतं, ते कॉम्प्युटरच्या मागच्या यूएसबी पोर्टातच लावा, हबमध्ये नको. वीज कमी पडली की चित्रात ठिपके येतात किंवा पडदा मधेच काळा होतो. केबलही ड्युअल लिंकचीच हवी. पिनांच्या मधोमध रिकामी जागा असलेली केबल सिंगल लिंकची असते. हा ॲडॅप्टर साध्या ॲडॅप्टरच्या कितीतरी पट महाग पडतो. पडदा उत्तम अवस्थेत असेल तरच खर्च करा आणि पटला नाही तर परत घेईल अशाच दुकानातून घ्या. जुन्या १२० किंवा १४४ हर्ट्झच्या ज्या मॉनिटरांना तो वेग फक्त डीव्हीआयवर मिळतो, त्यांनाही हेच लागू आहे.

प्रश्न : जीटीएक्स १०६० च्या डीव्हीआय पोर्टात जुना डीव्हीआय-व्हीजीए जोड बसत नाही. जोर लावू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुळीच नको, पिना वाकतील. जोडाच्या चपट्या पात्याभोवती चार पिना आहेत, त्या ॲनालॉग सिग्नलच्या. तुमच्या कार्डाचं पोर्ट डीव्हीआय-डी आहे, त्यात त्या चार पिनांना भोकंच नाहीत. कार्डात ॲनालॉग सिग्नलच नसल्याने पिना कापून जोड बसवला तरी चित्र येणार नाही. डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआयवरून ॲक्टिव्ह ॲडॅप्टर घ्या.

प्रश्न : विंडोज दिसतं, पण ॲडॅप्टर लावल्यापासून बायोसचा (कॉम्प्युटर सुरू होताना विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगचा) पडदा येत नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : काही ॲडॅप्टर जागे व्हायला दोन-चार सेकंद घेतात आणि तोवर बायोसचा पडदा निघून जातो. मॉनिटर आधी सुरू करून ठेवा आणि बायोसमधलं ‘फास्ट बूट’ (झटपट सुरू होण्याचं सेटिंग) बंद करा. त्यासाठी बायोसमध्ये जायचं तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’ करा, मग ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’. तिथेही पडदा काळाच राहिला तर एचडीएमआयवरून टीव्ही जोडून तेवढं एक सेटिंग बदलून घ्या.