हिंगण्यातल्या आमच्या कारखान्यात निम्मे लोक खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटून केलेला) खातात. पोस्टर लावले, कॅन्सरवर भाषण ठेवलं, फरक नाही. काय करावं?

पोस्टरवर फार भिस्त ठेवू नका. तंबाखूच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के भाग इशाऱ्याचा असतो, सडलेल्या तोंडाच्या फोटोसकट. पण खर्रा पानठेल्यावर समोर घोटून पन्नीत बांधून मिळतो, त्यावर कसला फोटो? २०१२ ला राज्यात गुटखाबंदी आली, ठेल्यावरचं घोटणं सुरूच राहिलं. आपले नियमही धुराकडे बघून केलेले. बिडीवाल्याला गेटबाहेर जावं लागतं, खर्रावाला मशीनवर उभ्या उभ्या खातो. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ शंभरात चारच्या आत होते, तंबाखू खाणारे-चघळणारे चोवीस.

मी स्वतः अकरा वर्षं खाल्ला, दिवसाला चार पुड्या. आता आमच्या युनिटमध्ये सेफ्टी बघतो.

आमच्याकडे भाषणानं काही हललं नाही, हललं ते तीन बोटांनी. दंतवैद्य मॅडम कँटीनमध्ये बसल्या आणि प्रत्येकाला म्हणाल्या, स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून दाखवा. लेथवरचा एक पोरगा, सव्वीसचा असेल, दोनवरच अडला. आधी हसला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, तिखट लागून राहिलं होतं, मले वाटलं भाजीच तशी." तोंड आखडणं हे मुख्यतः सुपारीचं काम. म्हणून 'तंबाखू सोडतो, साधी सुपारी खातो' ही पळवाट चालू देऊ नका. आखडलेलं तोंड सहसा पूर्ववत होत नाही, हेही त्याला तिथंच सांगितलं. गोड बोलून फायदा नव्हता.

घाबरलेला माणूस संध्याकाळपर्यंत ठेल्यावर परत जातो. त्यामुळे सोडायची तारीख त्याच टेबलावर ठरवा आणि १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक तिथूनच लावून द्या. पहिले तीन-चार दिवस चिडचिड जास्त असते. तलफ मात्र काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ हाताला-तोंडाला काम हवं.

खरी अडचण रातपाळीची. झोप येऊ नये म्हणून खातात, आणि एक पुडी चौघांत फिरते. एकट्यानं सोडली तर "घे ना बे, एवढाच" म्हणणारे तिघं उरतातच. आम्ही अख्खी टोळी एकदम धरली, पहाटे तीनला चहा आणि फुटाणे सुरू केले. मालक फुटाण्यांच्या बिलावर कुरकुरला, पण चाललं.

सुपरवायझर खात असेल तर आधी त्याला घ्या. आणि एकदा सुटला म्हणजे सुटला असं धरू नका. पोळ्याला गावी गेलेले आमचे दोघं पुडी घेऊनच परतले, त्यांना पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागलं.