लांडग्यावर शिकून पोट भरेल का?

नमस्कार,

माण तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. घरची दीडशे मेंढरं, दिवाळीनंतर कोकणात उतरायचं, लेक बारावी सायन्सला. तिला लांडगा, तरस, खोकड यांच्यावर काम करायचंय. मागच्या पावसाळ्यात लांडग्यानं तुमची तीन कोकरं नेली आणि त्याच लांडग्याला वाचवायला लेक निघाली, हे तुम्हाला पटत नाही. "यावर शिकून पोट भरेल का?" असं तुम्ही विचारलंय.

भरेल, पण बस्तान बसायला वेळ लागेल. डॉक्टर-इंजिनिअरसारखी ठरलेली वाट इथं नाही. सुरुवातीची बरीचशी कामं प्रकल्पावर असतात. प्रकल्प संपला की दुसरा शोधायचा. एम. एस्सी.नंतरची नेट ही परीक्षा पास होऊन संशोधनाची छात्रवृत्ती मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये मिळतात, पण तिथवर पोचायलाच पाच-सहा वर्षं जातात. हे आधी ठाऊक असलेलं बरं.

आता तिचं म्हणणं का खरं आहे ते सांगतो. कायद्यानं लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच पंगतीला. पण वाघाला राखीव जंगल आहे. लांडगा राहतो तुम्ही मेंढरं चारता त्या माळावर. आणि माळाला आपल्याकडे पडीक जमीन म्हणायची सवय. मग तिथं चर खणून झाडं लावतात, प्लॉट पाडतात. गवत गेलं की खोकडाचं बीळ जातं, तसं तुमचं चराऊ रानही जातं. लांडगी पिल्लं कुठल्या घळीत घालते, वाघरीभोवती, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीभोवती, रात्री कुत्री कशी भुंकली म्हणजे लांडगा आलाय, हे शहरातल्या पोराला शिकायला दोन वर्षं लागतात. तुमची लेक ते घेऊनच येतेय.

माझ्याकडे शिकलेल्या एका मुलीनं मला लांडग्याची वाळलेली विष्ठा दाखवली होती, पांढरी पडलेली, केसांनी भरलेली. चहाच्या गाळणीत धुऊन तिनं एकेक केस मायक्रोस्कोपखाली ठेवला. मेंढीची लोकर कोणती, सशाचा केस कोणता, हे त्यावरून कळतं. लांडगा काय खातो याचा हिशेब असा लागतो, आणि मेंढपाळाचं नुकसान कुठं, किती होतं हेही त्यातूनच कळत जातं.

माझं मत विचाराल तर तिनं आधी 'नीट' ही प्रवेश परीक्षा मनापासून द्यावी आणि पशुवैद्यकीयला जावं. साडेपाच वर्षांची पदवी, आणि सातारा जिल्ह्यातच शिरवळला कॉलेज आहे. कारण सांगतो. आज माळावरच्या लांडग्याला मोठा धोका मोकाट कुत्र्यांचा आहे. रेबीज आणि डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग त्यांच्याकडून येतो. शिवाय पुण्याजवळच्या माळावर कुत्र्याशी संकर झालेले लांडगे जनुकीय तपासणीत सापडलेत. ते काम करायला जनावरांचा डॉक्टरच लागतो. आणि वन्यजीवांचं काम मिळेपर्यंत मेंढ्यांचा डॉक्टर उपाशी राहत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं!

नीटला नंबर लागला नाही तर प्राणिशास्त्रात बी. एस्सी. करावी. किंवा दापोली, अकोल्याची वनशास्त्राची पदवी. त्यावर एम.पी.एस.सी.ची वनसेवा देता येते, यू.पी.एस.सी.ची भारतीय वनसेवाही. तिथं मुलींना चार तासांत 14 किलोमीटर चालून दाखवावं लागतं. कळपामागं घाट उतरणारीला त्याचं काय? संशोधनच करायचं असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बेंगळुरूचं एन.सी.बी.एस. हे जीवशास्त्राचं संशोधन केंद्र इथले एम. एस्सी.चे अभ्यासक्रम उत्तम. जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा कडक, आणि दरवर्षी प्रवेश निघतीलच असं नाही. तेवढ्यावरच विसंबू नये. पुण्यात गरवारे कॉलेजात जैवविविधतेची एम. एस्सी. आहे.

इंग्रजीची भीती तिनं आत्तापासून काढावी. संशोधनाचे पेपर इंग्रजीत लिहावे लागतात, आणि आपली हुशार मुलं तिथंच मागं राहतात याचं मला फार वाईट वाटतं.

कोकरांबद्दल एक. पुन्हा असं झालं तर मेलेलं जनावर हलवू नका, लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या. लांडग्यानं मारलेल्या मेंढीची भरपाई वनखातं देतं. हे कागद लेकीलाच करू द्या, तिचा या कामातला तो पहिला धडा ठरेल.

आणि यंदा कोकणात उतरताना सुट्टीत ती सोबत असेल, तर तिच्या हातात एक वही द्या. कुठल्या गावच्या माळावर काय दिसलं, ठसा केवढा, किती वाजता, कुणी पाहिलं, एवढंच लिहायचं. पुढचं पत्र तिलाच लिहू द्या, आणि वहीचं पहिलं पान सोबत पाठवा. मी वाट बघतो.